पगार कापायचे नियम आले कुठून

सॅलरी स्लिपवरचा तो डिडक्शन्सचा कॉलम असतो ना, त्याचं मूळ शोधत गेलं की आपण परळ-लालबागच्या गिरण्यांत जाऊन पोचतो.

इंग्रजांच्या काळात कापडाला डाग पडला किंवा विणीत खोट निघाली की तो माल बऱ्याच गिरण्या सरळ साचेवाल्याच्याच, म्हणजे माग चालवणाऱ्या कामगाराच्याच, गळ्यात मारायच्या आणि किंमत पगारातून वळती करायच्या. म्हणजे दिवसभर साचे चालवून माणूस घरी निघाला तर काखेत ते खराब कापड, आता ते विकायचं कुणाला आणि कितीला हे त्याचं त्याने बघायचं. सूतच मुळात कच्चं होतं का साचेवाल्याचं लक्ष नव्हतं, हे ठरवणारा पण गिरणीचाच माणूस. वर उशिरा आलास, दंड. काही ठिकाणी डबल खाडा, म्हणजे एक दिवस दांडी मारली की दोन दिवसांचा पगार गेला!

पगार वेळेवर मिळायची पण बोंब होतीच. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंनी 1884 मध्ये ज्या मागण्या मांडल्या त्यात रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते, पण मागच्या महिन्याचा पगार 15 तारखेपर्यंत द्या अशीही एक मागणी होती.

विलायतेत दंड आणि खराब मालाच्या कपातीवर 1896 च्या ट्रक ॲक्टने (गाडीचा ट्रक नव्हे, पगाराबद्दलचा कायदा) बंधनं आणली, आपल्याकडे त्याला अजून 40 वर्षं लागली. 1929 ला कामगारांची परिस्थिती बघायला व्हिटली कमिशन नेमलं, 1931 ला रिपोर्ट आला, मग 1936 चा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट, लागू झाला 28 मार्च 1937 पासून.

या कायद्याची खरी गंमत म्हणजे त्याने प्रश्नच उलटा केला. कापायला मनाई कशाची आहे हे सांगत बसला नाही, यादीत आहे तेवढंच कापायचं, बाकी काही नाही. गैरहजेरी, नुकसान, दंड, ॲडव्हान्स, क्वार्टरचं भाडं, पीएफ, टॅक्स वगैरे. दंडाला रुपयामागे अर्धा आणा ही लिमिट, तीच पुढे 3 टक्के झाली. आधी कामगाराला विचारायचं, रजिस्टरला नोंद करायची, आणि दंडाचा पैसा मालकाने खिशात न घालता कामगारांच्याच कामाला लावायचा. नुकसानीचं पण तेच, हलगर्जीपणा त्याचाच असेल आणि त्याला बाजू मांडू दिली असेल तरच कापायचं. माझा एक मित्र पेट्रोल पंपावर होता, कॅश शॉर्ट आली की त्या शिफ्टच्या सगळ्यांचे सारखे पैसे कापायचे, कुणाला काही विचारणं नाही की कागद नाही. साचेवाल्याचीच गोष्ट, फक्त कापडाऐवजी कॅश.

गैरहजेरीला जेवढी दांडी तेवढाच पगार कापायचा, त्यामुळे डबल खाडा बाद. पण एक पाचर मारून ठेवलीये. कॉन्ट्रॅक्टमध्ये नोटीस द्यायची अट असेल आणि दहा किंवा जास्त जण नोटीस न देता, योग्य कारण नसताना, ठरवून गैरहजर राहिले तर 8 दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो, म्हणजे सरळसरळ संपावर डोळा. 1977 मध्ये बँक ऑफ इंडियाच्या स्टाफने चार तासांचा संप केला, बँकेने अख्ख्या दिवसाचा पगार कापला आणि 1990 ला सुप्रीम कोर्टाने ती कपात ग्राह्य धरली.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी कोड ऑन वेजेस हा पगाराचा नवा कायदा लागू झालाय. आधी 24,000 च्या वर पगार असला की जुना कायदा लागू व्हायचा नाही, ती अट गेली, आणि सगळी कपात मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नये. दहा जणांचं ते 8 दिवसांचं कलम मात्र यातही आहेच.