आजीची नथ आणि सेकंदाला २५ चित्रं

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम मंगळवार पेठेतल्या एका हॉलमध्ये ठरला आणि जुन्या फोटोंचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडं आलं. शंभर फोटो, प्रत्येकी पाच सेकंद, मागं सनई. पहिल्यांदा टीव्हीवर लावून बघितलं, तर आजीचा चेहरा थरथरत होता.

फोटो संथ सरकत राहावा म्हणून मी त्याला हालचाल दिली होती. थरथर आली ती तिथूनच. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि त्यातलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटर नव्यानं रंगवतो. पाच सेकंदांची १२५ चित्रं. तेवढ्यात फोटो १०० पिक्सेल सरकवायचा, तर एका चित्राच्या वाट्याला ०.८ पिक्सेल येतो. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सगळ्यांत लहान ठिपका, त्यामुळं ०.८ पिक्सेल नावाची जागाच नसते. मग साधं सॉफ्टवेअर आकडा पूर्ण करून मोकळं होतं. फोटो एक पिक्सेल सरकतो, पुन्हा एक, मग एका चित्रापुरता जागीच थांबतो, मग पुन्हा एक, एक. पाच चित्रांत एक थांबा, म्हणजे सेकंदाला पाच गचके. हालचाल जितकी संथ, तितका हा गचका डोळ्यांना जास्त खुपतो. चांगलं सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या पिक्सेलांचे रंग योग्य प्रमाणात मिसळून ही अधली-मधली जागा भासवतं. त्याला इंटरपोलेशन म्हणतात. माझ्याकडं ती सोय नव्हती. मी अंतर १०० ऐवजी १२५ पिक्सेल केलं. चित्रामागं बरोबर एक पिक्सेल, आणि थरथर गेली.

मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या आमच्या कोल्हापुरात, जिथं १९२९ साली प्रभात ही सिनेमा कंपनी सुरू झाली, तिथं हा हिशेब तसा जुनाच. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं. हात मंदावला की चित्रं कमी निघायची, आणि ती नेहमीच्या वेगानं दाखवली की पडद्यावरची माणसं पळायला लागायची.

दुसरी अडचण नथीची. आजीचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो कुणीतरी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. मोठा करून बघितला, तर नथीच्या जागी नुसता पांढरा डाग. ग्रुपवर पाठवताना फोटो पुन्हा दाबून लहान केला जातो. जेपेग पद्धतीत फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी कमी करतात. यामागचं गणित, डीसीटी (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म), बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली मांडलं. मोठे आकार त्यात छान टिकतात, मोती मात्र पहिल्यांदा जातात.

शेवटी काकूंच्या ट्रंकेतून मूळ प्रिंट मिळवली. सहा बाय चार इंचांची आडवी प्रिंट ३०० डीपीआयला, म्हणजे इंचामागं ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केली तर १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात. फुल एचडी पडदाच १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे जवळ जायला वावच नाही. ६०० डीपीआयला ३६०० बाय २४००. आता चेहऱ्याच्या जवळजवळ दुप्पट जवळ गेलं तरी फोटो फुटत नाही. जुन्या फोटोंसाठी ६०० च्या खाली जाऊच नका, आणि पासपोर्ट साइजच्या फोटोला १२०० सुद्धा जास्त नाही.

भावानं वर गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव टाकला होता. तो मी काढला. आमच्या व्हिडिओत १२,५०० चित्रं, प्रत्येकात २० लाखांवर पिक्सेल. न दाबता ठेवली तर सुमारे ७८ जीबी. फाइल झाली ५०० एमबीची, कारण व्हिडिओ एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते. फोटो स्थिर असेल तर लिहायला जवळपास काहीच नसतं. सरकत असेल तर ‘हा तुकडा इतका उजवीकडं’ एवढ्यावर भागतं. पडत्या पाकळ्या मात्र प्रत्येक चित्रात नवीन जागी. दर सेकंदाला मिळणारी माहितीची जागा त्याच खाऊन टाकतात आणि आजीच्या गालावर चौकोन उमटतात. एक फोटो दुसऱ्यात विरघळतानाही असंच होतं, म्हणून ते एका सेकंदात उरकलं.

हॉलमध्ये नथीचा फोटो मी दहा सेकंद ठेवला. मोती एकेक मोजता येत होते. आजी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली, बोट लावून म्हणाली, “ही माझी नव्हं. थोरल्या जाऊबाईंची. फोटोपुरती घातल्याली.”