सेन्सर-जाळे आणि सरकारी सेवा (कोकण किनारपट्टी)

नदीची पातळी, पाऊस, वारा, टाकीतले पाणी, बोटीचा ठावठिकाणा या गोष्टी यंत्राने आपल्या आपण मोजायच्या, तो आकडा मोबाइलच्या किंवा उपग्रहाच्या जाळ्यावरून कचेरीत पोचवायचा आणि त्यावरून सरकारी यंत्रणेने वेळेत हालचाल करायची, अशी ही व्यवस्था. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव केविन ॲश्टन यांनी १९९९मध्ये वापरले आणि ते जगभर रुळले. मराठीत ‘वस्तूंचे आंतरजाल’ असा शब्द आहे, पण कोकणात कोणालाही विचारा, ‘तिथे सेन्सर बसवलाय’ एवढेच उत्तर मिळेल. प्रस्तुत नोंदीत पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात ही व्यवस्था कुठे कामाला लागली आहे, कुठे अडते आहे आणि तिच्याकडून काय करून घेता येईल, याचा विचार केला आहे.

एका टोकाला मोजणारे यंत्र, मध्ये दळणवळण आणि दुसऱ्या टोकाला निर्णय घेणारा माणूस किंवा आपोआप चालणारी यंत्रणा, असे तिचे तीन भाग पडतात. दळणवळणासाठी बहुधा साधे मोबाइल सिम वापरतात. यंत्रांच्या सिमना आपल्याकडे १३ आकडी क्रमांक असतो. रेंज नसेल तिथे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, परवाना न लागणाऱ्या लहरींवर काही किलोमीटर आकडा पाठवता येतो. सगळ्या चर्चेत पहिल्या दोन भागांचेच कौतुक होते. कोकणातला अनुभव मात्र सांगतो की जीव वाचतात ते तिसऱ्या भागामुळे.

इशारा देण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही. वादळ येणार असेल तर बंदरावर बावटा चढतो, रात्री त्याच अर्थाचे दिवे लागतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे ऐकले की होडी बाहेर काढायची नाही, हे पोरालाही कळते. बावट्याचे मोठेपण यातच आहे. आकडा आणि कृती यांची गाठ पक्की असते, मध्ये कोणी विचार करत बसत नाही. नव्या यंत्रणेची परीक्षा घ्यायची तर हीच कसोटी लावावी.

त्या कसोटीला सगळ्यात चांगली उतरते ती कोकण रेल्वे. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. डोंगर कापून, दऱ्यांवर पूल टाकून तो नेलेला असल्याने पहिल्या काही पावसाळ्यांतच त्याचे दुखणे उघडे पडले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेसला वीर ते करंजाडी दरम्यान तसाच अपघात झाला. त्यानंतर कटिंगचे उतार सौम्य करणे, दगड अडवणाऱ्या जाळ्या, पावसाळी वेळापत्रक आणि मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हे उपाय कडक झाले. दगड सुटला तर त्याची चाहूल यंत्राने द्यावी म्हणून ‘रक्षा धागा’ ही यंत्रणाही रेल्वेने स्वतः घडवली.

आज रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधल्या पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे. मांडवी, जुआरी आणि शरावती या नद्यांवरच्या पुलांवरही ते आहे. माणगाव ते वीर दरम्यान काळ नदी, वीर ते सापे वामणे दरम्यान सावित्री आणि चिपळूण ते कामथे दरम्यान वाशिष्ठी, या तीन पुलांवर पाण्याने धोक्याची रेषा ओलांडली की सूचना देणारी यंत्रणा बसवलेली आहे. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदला जातो. एवढे असूनही पावसाळ्यात शेकडो कर्मचारी रात्रंदिवस रूळ चालून बघतात. यंत्र आले म्हणून रेल्वेने गस्तीची माणसे काढली नाहीत, आणि हा शहाणपणा इतर खात्यांनी आवर्जून घ्यावा असा आहे. दुसरे असे की इथे मोजणारा, ऐकणारा आणि गाडी थांबवणारा एकाच संस्थेत बसतो. परवानगीसाठी फाइल फिरत नाही.

रस्त्याच्या बाजूला हे भाग्य नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि आणखी काही वाहने नदीत गेली. पूल उरलेला नाही, हे अंधारात मागून येणाऱ्या गाडीला सांगणारे काहीच नव्हते. काठावरच्या माणसांनी हात करून, ओरडून पुढच्या गाड्या अडवल्या. पाण्याची पातळी मोजणारे यंत्र आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना लाल दिवा, एवढ्याने त्या रात्रीचा हिशेब बदलला असता. हा दिवा पुलावरच्या यंत्रानेच लावला पाहिजे. मुंबईतल्या संगणकाला विचारून लागणारा दिवा अशा वेळी कामाचा नाही.

पुराच्या बाबतीत कोकणातल्या नद्यांचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात वरच्या धरणापासून खालच्या गावापर्यंत पाणी यायला बराच अवधी जातो, म्हणून तिथे पातळीच्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधणे सोपे पडते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची नदी काही तासांत कड्यावरून खाडीत येते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठीला आलेला लोंढा, घाटमाथ्यावरचा पाऊस आणि खाडीची भरती यांचा मेळ पडला होता. एकट्या नदीची पातळी बघून असा पूर वेळेत कळत नाही. डोंगरातला पाऊस, कोळकेवाडी धरणाकडून येणारे पाणी आणि दाभोळच्या मुखाशी भरतीची वेळ हे तिन्ही आकडे एकाच पडद्यावर यावे लागतात. आज ते वेगवेगळ्या खात्यांचे आहेत. जोडणीची खरी गरज इथे आहे, आणि ती यंत्रांपेक्षा खात्यांना अधिक लागू पडते.

दरडींचा प्रश्न याहून कठीण. चिपळूण बुडाले त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादीतल्या गावांना तेवढे सेन्सर लावू, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. मातीतला ओलावा, डोंगराचा कल आणि भेगांची रुंदी मोजणारी यंत्रे असतात, पण ती प्रत्येक उतारावर बसवणे शक्य नाही. त्यापेक्षा पर्जन्यमापक दाट करावेत. लागोपाठ किती दिवस, किती पाऊस झाला की कोणत्या वाड्यांनी शाळेत किंवा देवळात मुक्कामाला जायचे, हे ग्रामसभेत आधीच ठरवून ठेवावे. इशारा पोचवायला आता सेल ब्रॉडकास्ट आहे. ठरावीक भागातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी संदेश येतो आणि फोन मोठ्याने वाजतो. याच्या चाचण्या देशभर २०२३मध्ये झाल्या. आकाशातून कोसळणाऱ्या विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. भात लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शेतात असणाऱ्यांनी ते जवळ ठेवावेच.

समुद्रावर चित्र थोडे बरे आहे. १९९९मध्ये हैदराबादला स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते, उंच लाटांचे इशारेही देते. रत्नागिरीच्या समुद्रात लाटा मोजणारा तिचा तरंगता बोया आहे. अडचण होती ती संदेश होडीपर्यंत पोचवण्याची, कारण किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइलची रेंज संपते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले तेव्हा इशारा निघाल्यावरही बाहेर असलेल्या कित्येक नौकांना तो मिळाला नाही. गेलेल्यांची नावे आजही या बंदरांवर निघतात. ‘इस्रो’ने घडवलेला ट्रान्सपॉण्डर ही उणीव भरून काढतो. तो उपग्रहाशी बोलतो आणि तांडेलाच्या (नौकेच्या म्होरक्याच्या) मोबाइलला ब्लूटूथने जोडला जातो. हवामानाचा इशारा त्याच्यावर येतो आणि संकटात बटण दाबून किनाऱ्याला हाकही मारता येते. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांवर तो मोफत बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली.

पण मच्छीमारांची एक शंका रास्त आहे. मासळीची जागा हे नाखव्याचे धन. बापाने मुलाला दाखवलेली खूण सरकारी नकाशावर दिसू लागली तर ती उद्या कोणाच्या हाती जाईल? जानेवारी २०२५पासून श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड अशा ठिकाणांहून बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवली जाऊ लागली. एलईडी दिवे लावून मासळी लुटणाऱ्यांना चाप बसावा ही छोट्या मच्छीमारांचीच मागणी होती. एकाच यंत्राकडून राखण आणि पाळत ही दोन्ही कामे करून घ्यायची, तर कोणता आकडा कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, हे लिहून दिले पाहिजे. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झालाच आहे. त्याचा साध्या मराठीतला एक पानी अर्थ प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागायला हवा.

यंत्राच्या आकड्यावर थेट पैसे ठरतात असा प्रकार म्हणजे हवामानावर आधारित फळपीक विमा. हापूसच्या बागायतदाराच्या दृष्टीने सेन्सर म्हणजे हेच. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांप्रमाणे उभी राहिली. अवेळी पाऊस, घसरलेले किंवा चढलेले तापमान आणि वेगाचा वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर त्या मंडळातल्या विमाधारकांना पंचनाम्याशिवाय भरपाई मिळते. कल्पना उत्तम. मोहोर गळाला हे पटवायला तलाठ्याच्या मागे फिरायला नको.

गोची आहे ती जागेची. कोकणातल्या एका मंडळात खाडीकाठची आगरे, वरचा कातळसडा आणि आतल्या बाजूची दरी अशी तीन हवामाने नांदतात. सड्यावर कातळ तापून कैरी भाजून निघते, तेव्हा खाली झाडीत उभ्या केंद्रावर पारा दोन अंश खालीच राहतो. या केंद्रांपैकी एखादे जवळून बघावे. कुंपणात एक खांब, त्यावर वारा लागला की फिरणाऱ्या वाट्या, खाली पांढरी चकत्यांची डबी आणि बाजूला नरसाळे. नरसाळ्याखाली सी-सॉसारखे एक छोटे पात्र असते. ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस साठला की ते कलंडते, आणि प्रत्येक कलंडणे म्हणजे एक नोंद. नरसाळ्याच्या तोंडाशी एक फणसाचे पान अडकले, किंवा आत कोळ्याने जाळे विणले, तर बाहेर धो धो पाऊस आणि नोंद शून्य. त्या एका पानाने मंडळातल्या शेकडो बागायतदारांची भरपाई हुकू शकते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले बागायतदार केंद्रांच्या जागा व संख्या यांविषयी वर्षानुवर्षे बोलत आले आहेत, आणि ते बरोबर बोलत आहेत. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतवार पर्जन्यमापकाची तरतूद आहे. ती उभी राहिली तर ही तक्रार बरीच निवेल. तोवर निदान प्रत्येक केंद्राचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. चुकीचा आकडा गावाला त्याच दिवशी कळेल, हंगाम संपल्यावर नव्हे.

पाण्याचे थोडक्यात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो. टंचाईतल्या टँकरना जीपीएस लावण्याचा नियम असल्यामुळे खेप वाडीपर्यंत गेली की नाक्याशीच फिरली ते दिसते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचे माप आहे. ते खरोखर मिळते का हे बघायचे तर दाबमापक टाकीशी बसवून उपयोग नाही. योजनेतली सगळ्यात उंच, सगळ्यात शेवटची जी वाडी, तिच्या नळाशी तो बसवावा. आणि तिथे तीन दिवस पाणी आले नाही तर तक्रार आपोआप नोंदली जावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक केले आहे, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. डोक्यावर कळशी घेतलेल्या बाईने अर्ज कधी लिहावा?

यंत्रे टिकवणे हा या किनाऱ्यावरचा वेगळाच व्याप आहे. खारी हवा जोडणीच्या तारा खाते. आषाढात आठ-आठ दिवस ऊन नसते, तेव्हा सौर पट्टीवर शेवाळ धरते आणि बॅटरी बसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोन मुके झाले होते. ज्या दिवसासाठी यंत्र बसवले त्याच दिवशी ते मुके होत असेल, तर गावातला भोंगा आणि वायरलेस संच मोडीत काढता येत नाहीत. निविदांमध्ये यंत्र बसवण्याचे पैसे असतात, पाच वर्षे राखण्याचे बहुधा तुटपुंजे. ठेकेदाराचा माणूस पुण्या-मुंबईहून निघून पोचेपर्यंत आठवडा जातो. जवळच्या आयटीआयमधल्या मुलांना ही दुरुस्ती शिकवली आणि तालुक्याच्या गावी सुटे भाग ठेवले, तर तेच काम अर्ध्या दिवसात होईल. नरसाळे झाडायचे, बॅटरीची तोंडे घासायची, खांबाचे ताण आवळायचे, ही कामे मे महिन्याच्या शेवटी, घरे शाकारतात त्याच दिवसांत उरकावी लागतात. मृग लागला की खांबापाशी जाणारी पाऊलवाटही पाण्याखाली असते.