डॅटसन २४०झेड : मागील डिफरन्शिअल आणि सस्पेन्शनमधील सुधारणा

निसान कंपनीची ‘फेअरलेडी झेड’ ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानात आली आणि निर्यातीसाठी तिला ‘डॅटसन २४०झेड’ हे नाव मिळाले. एस३० या कुळातील ही पहिली गाडी. पुढे २६०झेड आणि २८०झेड आल्या व १९७८ च्या सुमारास हे कुळ थांबले. सहा सिलिंडरांचे २,३९३ घ. सेंमी. इंजिन, कंपनीने सांगितलेली १५१ अश्वशक्ती आणि एक टनाच्या जरा वर वजन असा तिचा मूळ हिशेब होता. अमेरिकेत या गाड्या फार मोठ्या संख्येने खपल्या. आज त्या बाळगणारे हौशी लोक इंजिनाच्या खालोखाल हात घालतात तो मागील डिफरन्शिअल (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच) आणि सस्पेन्शनला (चाके झेलणारी स्प्रिंग-आर्मची रचना). या गाडीत ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत.

मूळ रचना : ॲम्बॅसडर किंवा प्रीमिअर पद्मिनीत डिफरन्शिअल मागच्या अखंड ॲक्सलच्या पोटात असते आणि तो ॲक्सल पाट्यांवर बसलेला असतो. खड्डा आला की सगळे वजन एकदम उसळते. २४०झेडमध्ये डिफरन्शिअल गाडीच्या सांगाड्याला रबरी आधारांवर टांगलेले असते. त्यातून दोन्ही बाजूंना निघणारे हाफ शाफ्ट चाके फिरवतात आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. चाकाला वरून स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला उभा स्ट्रट धरतो, खालून रुंद बैठकीचा एक आर्म. डिफरन्शिअलचे वजन चाकांबरोबर उसळत नसल्यामुळे जड डिफरन्शिअल बसवले तरी खड्ड्यांतल्या चालीत फारसा फरक पडत नाही.

डिफरन्शिअलची निवड : मूळ डिफरन्शिअल आर१८० या प्रकारचे. आकडा क्राऊन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचा, अंदाजे व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. मूळ इंजिनाला ते पुरून उरते. २८०झेडचे मोठे एल२८ इंजिन, टर्बो किंवा अमेरिकी व्ही-८ बसवले, की त्याच कंपनीचे आर२०० शोधले जाते. हाताने गिअर बदलायच्या २८०झेडमध्ये ते कारखान्यातूनच येत असे. ते जवळपास त्याच जागेत बसते, मात्र मागची मिशीच्या आकाराची आधारपट्टी त्याच्या जोडीची लागते आणि गिअरपेटीतून डिफरन्शिअलकडे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी व जोडाची तबकडी (फ्लँज) तपासावी लागते. क्राऊन व्हील आणि त्याला फिरवणारे छोटे गिअर (पिनियन) यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या हिशेबात शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावी लागते. म्हणून नुसते दाते बदलण्यापेक्षा आख्खे डिफरन्शिअल बदलणे बहुतेकांना परवडते.

गुणोत्तराचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे याचा, विचार मात्र अनेकदा घाईत होतो. अमेरिकेतील चार गिअरच्या गाडीत ३.३६ चे गुणोत्तर होते, इतरत्र पाच गिअरच्या गाडीत ३.९०. ३.३६ वरून ३.९० वर गेल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे १६ टक्के जास्त जोर मिळतो, पण इंजिनही तेवढेच जास्त फिरते. १९५/७० आर१४ टायरवर ताशी १०० किमी. ला थेट चौथ्या गिअरमध्ये सुमारे २,८५० फेरे होते, ते ३,३०० होतात. मूळच्या पाच गिअरच्या पेटीत पाचव्याचे गुणोत्तर ०.८५२ असल्यामुळे हे फेरे पुन्हा खाली येत असत. ३.९० गुणिले ०.८५२ म्हणजे ३.३२, जवळजवळ जुनेच ३.३६. तेव्हा चार गिअरच्या पेटीमागे ३.९० लावणे ही अर्धीच सुधारणा. लांबच्या महामार्गावर ती कटकट होते. स्पीडोमीटरची केबल गिअरपेटीतून निघते, त्यामुळे गुणोत्तर बदलल्यावर तिचे छोटे प्लास्टिकचे गिअरही बदलावे लागते. नाहीतर काटा खोटे सांगतो.

मूळ डिफरन्शिअल ‘उघडे’ आहे. वळणावर आतले चाक हलके पडले की जोर तिकडेच वाहून जातो. यावर लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एलएसडी), म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर पोचवणारे डिफरन्शिअल, हा उपाय. १९८७ च्या ३००झेडएक्स टर्बोमधील क्लच-पट्ट्यांचे आर२०० अनेक वर्षे मागणीत राहिले. दुसरा रस्ता अनपेक्षित आहे. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआयच्या मागे याच आर१८० घराण्याचे डिफरन्शिअल असते आणि ते आतल्या एलएसडीसह झेडमध्ये बसते. फक्त हाफ शाफ्ट जोडण्यासाठी वेगळे स्टब (शाफ्टचे आखूड तुकडे) करून घ्यावे लागतात. क्लचच्या एलएसडीला जीएल-५ तेलात घर्षण सुधारणारे द्रव्य मिसळावे लागते, अन्यथा पार्किंगमधल्या संथ वळणावर ती कुरकुरते. ड्रिफ्टिंगवाले आतले गिअर वेल्ड करून टाकतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीत तसे करण्यात शहाणपण नाही.

आधार आणि ठोका : झेडच्या जवळजवळ प्रत्येक मालकाची एक तक्रार असते. क्लच सोडताना मागून ‘ठक्क’ आवाज येतो. बऱ्याच जणांचा पहिला संशय डिफरन्शिअलवर जातो, आणि बऱ्याचदा ते निर्दोष असते. जोर लागताच पिनियन क्राऊन व्हीलवर चढू पाहते, त्यामुळे डिफरन्शिअलचे तोंड वर उचलले जाते. पुढच्या आधारातील रबर जुने झाले की धातूपासून सुटते आणि तोंड वर आपटते. हे रोखायला कारखान्याने वरून एक पट्टाही दिला होता. तोही सैल होतो. दोष मिशीच्या आकाराच्या आधारपट्टीच्या टोकांच्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी नळीत) किंवा हाफ शाफ्टच्या क्रॉसमध्येही (कोन बदलला तरी फिरणाऱ्या सांध्यात) असू शकतो, म्हणून गाडी वर घेऊन प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहणे हाच खरा तपास. नवा रबरी आधार आणि तोंडाच्या वर उचल अडवणारा ठोकळा एवढ्यावर रस्त्यावरच्या गाडीचे भागते. पूर्ण धातूचा आधार आवाज थांबवतो आणि त्याच्या जागी डिफरन्शिअलची गुणगुण थेट केबिनमध्ये आणतो. पुढे धातू आणि मागे मऊ रबर ही जोडी तर वाईटच, कारण मग सगळा पीळ डिफरन्शिअलच्या केसिंगवर येतो.

ताकद वाढली की पुढचा कच्चा दुवा हाफ शाफ्ट. मूळ शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस आणि मध्ये लांबी कमीजास्त होणारा सरकता सांधा असतो. जास्त शक्तीच्या गाड्यांत २८०झेडएक्स टर्बोचे सीव्ही जॉइंटवाले (कोनातही एकसारखी गती देणाऱ्या सांध्यांचे) शाफ्ट अडॅप्टर लावून बसवतात.

सस्पेन्शन : कामाची सुरुवात बुश बदलण्यापासून होते आणि तिथेच स्पिंडल पिन गाठतो. मागचा खालचा आर्म व चाकाचा भाग यांना जोडणारा हा लांब खिळा दशकांच्या गंजाने आत रुतून बसतो. तेल, उष्णता, प्रेस सगळे करूनही न निघाल्यास कापूनच काढावा लागतो. नवा पिन आधी हाताशी ठेवूनच हे काम काढावे. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश चाकाची दिशा पक्की धरतात. पण पुढच्या चाकाच्या तिरप्या रॉडला दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेन लावल्यास रॉडला हलायला जागा उरत नाही आणि तो तुटू शकतो, म्हणून तिथे एका बाजूला रबर ठेवतात.

गाडी खाली बसवण्याची हौस या सगळ्यात सर्वांत महाग पडते. नुसत्या आखूड स्प्रिंग घातल्या की मूळ स्ट्रटच्या नळीत शॉक अब्सॉर्बरला खाली जायला जागाच राहत नाही आणि तो प्रत्येक खड्ड्यात तळाला बडवला जातो. योग्य मार्ग म्हणजे नळी कापून आखूड करून वेल्ड करणे व तिच्यात आखूड शॉक अब्सॉर्बर (इन्सर्ट) घालणे. पुढच्या चाकांच्या आर्मचा कोन बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळू लागते. बॉल जॉइंटपाशी स्पेसर घालून ते सावरतात. मागे हाफ शाफ्टचा कोन बदलतो आणि सरकता सांधा आत टेकण्याची भीती असते. १९७१ आणि १९७३ ची पूर्व आफ्रिकन सफारी रॅली जिंकणाऱ्या २४०झेड जमिनीपासून चांगल्या उंच होत्या, ही गोष्ट खाली बसवलेल्या गाड्यांच्या भाऊगर्दीत कोणी फारशी आठवत नाही. १९७३ चा विजेता शेखर मेहता हा भारतीय वंशाचा केनियन चालक होता.

मूळ मागच्या सस्पेन्शनमध्ये कॅम्बर (चाकाचा उभा कल) वा टो (चाकाची आत-बाहेर दिशा) जुळवण्याची सोयच नाही. गाडी २५–३० मिमी. खाली आली की चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायरची आतली कड आधी झिजते. त्यासाठी मध्याबाहेर भोक असलेले (विकेंद्री) बुश किंवा लांबी बदलता येणारे आर्म घालतात. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी हवेत टांगलेली असताना आवळू नयेत. गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाखाली उभी असतानाच आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात.