डोळ्यांतून सतत पाणी येणे म्हणजे नजर अधू होणे नव्हे

डोळ्यांतून सतत पाणी येऊ लागले की नजर अधू झाली, हा समज फार जुना आहे. पुष्कळदा दोष नजरेत नसून अश्रूंच्या निचऱ्यात असतो. प्रत्येक पापणीच्या नाकाकडील टोकाशी एक बारीक छिद्र असते (खालची पापणी किंचित ओढून आरशात पाहिल्यास ते दिसतेही), आणि पापण्यांच्या उघडझापीसरशी अश्रू त्यातून अश्रुपिशवीत व पुढे नलिकेवाटे नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते त्यामुळेच. नलिका तुंबली की पाणी गालावर ओघळते, आणि साचलेल्या पिशवीत जंतुसंसर्ग झाल्यास डोळ्याचा कोपरा दाबल्यावर पू येतो. तान्ह्या बाळांत नलिकेच्या तोंडाशी राहिलेला पातळ पडदा बहुधा वर्षभरात आपोआप उघडतो. मोठ्यांत मात्र पूर्ण बंद झालेली नलिका थेंबांनी मोकळी होत नाही. त्यासाठी अश्रुपिशवीतून नाकात नवी वाट काढणारी शस्त्रक्रिया करतात. कोरडेपणामुळेही डोळा उलट अधिक पाझरू शकतो, हा फरक तपासणीतच कळतो.