घन-अवस्था संश्लेषण

घन-अवस्था संश्लेषण : घन पदार्थांच्या पुडी एकत्र खलून, त्या वितळणार नाहीत पण त्यांतील आयन (विद्युतभारित अणू) हलू लागतील इतक्या तापमानात दीर्घकाळ तापवून नवे स्फटिकी संयुग मिळवण्याची पद्धत. मातीची भांडी भाजण्याशी असलेल्या साम्यामुळे तिला सिरॅमिक पद्धत असेही म्हणतात. फेराइट चुंबक, बॅटरीतील धन अग्राची द्रव्ये आणि ऑक्साइड अतिसंवाहक (ठरावीक तापमानाखाली विद्युतरोध नाहीसा होणारी द्रव्ये) अशी अनेक द्रव्ये या मार्गाने बनवली जातात.

द्रावणात रेणू मुक्तपणे फिरतात आणि एकमेकांवर सतत आदळतात. घनात मात्र प्रत्येक आयन आपल्या जागी जखडलेला असतो, आणि या पद्धतीतील साऱ्या अडचणींचे मूळ तेथेच आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांपासून स्पिनेल हे दोन्ही धातू असलेले ऑक्साइड बनताना दोन कण जेथे टेकतात तेथे प्रथम स्पिनेलचा पातळ थर तयार होतो, आणि त्यानंतर हा थरच अभिक्रियेच्या आड येतो, कारण मॅग्नेशियमला एका दिशेने व ॲल्युमिनियमला उलट दिशेने त्यातूनच वाट काढावी लागते. थर जाड होत जातो तसा त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. १० मायक्रोमीटरचा कण डोळ्याला धुळीसारखा दिसतो, पण मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अशा कणाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे २४,००० एकक कोष्ठिका (स्फटिकाच्या रचनेत पुन्हा पुन्हा येणारे सर्वांत लहान भाग) ओळीने बसतात. एवढे अंतर कापण्यासाठी १,५००° से. तापमानातही काही दिवस जातात.

म्हणूनच या पद्धतीत खलण्याला भट्टीइतकेच महत्त्व आहे, आणि पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकले जाणारे हे काम प्रत्यक्षात सर्वांत जास्त चिकाटी मागते. १९८७ मध्ये ९३ केल्व्हिनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूच्या (७७ केल्व्हिन) वर, अतिसंवाहक ठरलेले यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पांढरे यिट्रियम ऑक्साइड, पांढरे बेरियम कार्बोनेट आणि काळे कॉपर ऑक्साइड ठरलेल्या प्रमाणात तोलून अकीकाच्या खलात घोटतात. कोठेही पांढरा ठिपका न राहता सर्वत्र एकसारखी करडी पूड दिसेपर्यंत हात थांबवायचा नसतो. ही पूड मुशीत घालून ९००° से.च्या थोड्या वर तापवतात, बाहेर काढून पुन्हा खलतात, दाबयंत्रात तिची टिकली पाडतात आणि पुन्हा भट्टीत ठेवतात. दरवेळी खलल्याने कणांवरचा थर फुटून ताजे पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. काळ्या टिकलीवर हिरवट छटा दिसली, तर बेरियम व तांबे कमी असलेले दुसरे संयुग उरले आहे असे समजावे. अंतिम निर्णय मात्र स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाचाच. शेवटी टिकली ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करावी लागते, कारण ५००° ते ४००° से.च्या टप्प्यात ती ऑक्सिजन शोषून घेते आणि तो कमी पडला तर अतिसंवाहकता येत नाही. मुशीची निवडही जपूनच करावी लागते : ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीतून ॲल्युमिनियम नमुन्यात शिरू शकते. लिथियमची संयुगे बनवताना उच्च तापमानात लिथियम उडून जाते, म्हणून ते सुरुवातीलाच थोडे जास्त घेतात.

खलून कण कितीही बारीक केले तरी ते अणूंच्या मानाने अवाढव्यच राहतात. त्यामुळे धातू आधीच अणुपातळीवर मिसळलेले असतील असे पूर्वद्रव्य (ज्यापासून अंतिम संयुग बनते ते द्रव्य) घेण्याकडे संशोधक वळले. बंगळूरू येथे रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कॅल्शियम व मँगॅनीज यांची कार्बोनेटे एकाच कॅल्साइट जालकात (कॅल्साइट या खनिजासारख्या स्फटिकी मांडणीत) बसवली आणि ती तापवून दोन्ही धातूंची ऑक्साइडे मिळवली. येथे दोन्ही धातू मुळातच शेजारी असल्याने हजारो कोष्ठिकांचा प्रवास उरत नाही आणि कमी तापमान व कमी वेळ पुरतो. दोन्ही कार्बोनेटांची रचना सारखी असल्यामुळेच हे साधते. जे धातू एका जालकात सामावत नाहीत, त्यांच्यासाठी जेल किंवा सायट्रेट यांसारखे द्रावणातून सुरू होणारे मार्ग वापरतात.