‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही दुरुस्तीच्या टेबलावर स्वस्तातला सीडी प्लेयर ठेवा, निदान बहुधा एकच ऐकू येतं: ‘लेन्स गेली, नवीन टाकावी लागेल.’ लक्षणंही तीच ती असतात. ट्रे आत जातो, चकती दोन-तीनदा फिरते, थांबते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटतं. आता लेन्स म्हणजे प्लास्टिकचं वाटाण्याएवढं भिंग. ते जळत नाही, झिजतही नाही. थकतो तो त्याच्या खाली बसवलेला लेझर डायोड, आणि त्याची पाळी येईपर्यंत धूळ, धुराचा थर, सुकलेलं ग्रीस, दमलेली मोटर आणि सैल झालेला रबरी पट्टा यांपैकी कुणीतरी आधीच काम बंद पाडलेलं असतं. या सगळ्यांचा इलाज लेन्सचं युनिट बदलण्यापेक्षा फार स्वस्त आहे. ग्वाल्हेरसारख्या कोरड्या, धुळीच्या गावात तर हे माहीत असायलाच हवं.

त्या एवढ्याशा भिंगाला काय काम करावं लागतं ते आधी पाहू. चकती 1.2 मिलिमीटर जाड. तिच्या पोटात, लेबलाच्या अगदी खाली, आवर्तात कोरलेली एकच लांब रेघ असते. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक फेरे बसतात. वाचन आतून बाहेर चालतं आणि रेघ भिंगावरून कायम सारख्याच वेगानं, सेकंदाला 1.2 ते 1.4 मीटर, सरकावी लागते. म्हणून पहिल्या गाण्याला चकती मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते, शेवटच्याला 200च्या आसपास. 780 नॅनोमीटरचा अवरक्त किरण भिंग त्या रेघेवर दीड-दोन मायक्रोमीटरच्या ठिपक्यात गोळा करतं. हा ठिपका नेमका बसायला भिंगाची उंची जेमतेम दोन मायक्रोमीटर इकडेतिकडे चालते. चकती मात्र फिरताना अर्धा मिलिमीटर वरखाली डुलू शकते. म्हणजे भिंगाला बारीक तारांवर तरंगत, चुंबकाच्या जोरावर, त्या डुलण्याचा पाठलाग सतत करावा लागतो. हे यंत्र स्वस्त प्लेयरमध्येही असतं, आणि चांगलं चालतं. मला तर याचंच सगळ्यात जास्त नवल वाटतं.

आता धूळ. चकतीच्या खालच्या पृष्ठभागावर किरण पाऊण मिलिमीटरभर रुंद असतो, त्यामुळे तिथला कण त्याला फारसा अडवत नाही. भिंगावरच्या थराची गोष्ट निराळी. प्रकाश त्यातून दोनदा जातो, जाताना आणि परत येताना. थरानं जाताना 20 टक्के प्रकाश खाल्ला तर येताना उरलेल्यातला आणखी 20 टक्के खातो, हाती 64 टक्केच राहतो. प्लेयर देवघराशेजारच्या कपाटात असेल तर उदबत्ती आणि कापराचा धूर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल तर फोडणीची तेलकट वाफ, आणि त्यावर मे महिन्यातल्या लूबरोबर आलेली बारीक माती. झाकण काढून विजेरीचा उजेड तिरपा पाडला की स्वच्छ भिंगावर निळसर-जांभळी झळाळी दिसते. थर बसलेलं भिंग राखाडी, मंद दिसतं. छापील सीडी चालतात पण घरी भरलेल्या अडतात, अशी तक्रार असेल तर संशय आधी इथेच घ्यावा. कारण घरी भरलेल्या चकतीवरून परतणारा संकेत मुळातच जरा दुबळा असतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी चकती तर छापील चकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश परत पाठवते.

साफ करण्याची रीत अशी. प्लग भिंतीतून काढायचा. रबरी फुग्यानं आधी सुटी धूळ उडवायची, नाहीतर बोळ्याखाली तेच कण ओरखडे काढतील. मग कानाच्या कापसाच्या काडीला 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. काडी ओलसर हवी, ठिबकणारी नको. भिंग खाली दबेल न दबेल इतक्याच जोरानं दोन-तीन गोल फेरे, लगेच कोरड्या काडीनं एक. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल, अत्तर यांपैकी काहीही चालणार नाही; भिंगावरचा लेप आणि प्लास्टिक दोन्ही धुरकट होतात. बारीक ब्रश लावलेली ‘क्लीनर सीडी’ मिळते, ती सुटी धूळ झाडते, तेलकट थराला तिचा उपयोग नाही. आणि झाकण उघडं असताना प्लेयर चालू करून भिंगात डोकावू नये. किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा. लेझर पेटतो का ते पाहायचंच असेल तर मोबाइलचा कॅमेरा बाजूनं तिरपा धरा, बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट ठिपका दिसतो. त्याच वेळी भिंग दोन-तीनदा वरखाली उचकताना दिसलं पाहिजे. ठिपका आणि उचक दोन्ही आहेत, तर युनिट बदलायची घाई करू नका.

पुढचं निदान कान आणि घड्याळ यांवर होतं. पहिली गाणी नीट वाजतात आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या मिनिटाला अडखळणं सुरू होतं, तेव्हा दोष बहुधा सरकत्या गाड्याचा. भिंगाचं युनिट ज्या धातूच्या दांडीवरून बाहेर सरकतं तिच्यावरचं ग्रीस ग्वाल्हेरच्या तीन-चार उन्हाळ्यांत मेणासारखं घट्ट होतं. भिंग पुढची रेघ शोधतं, गाडा मागेच राहतो, मग एकदम उडी मारतो. जुनं ग्रीस अल्कोहोलनं पूर्ण पुसायचं, दातेरी चाकांच्या खाचांतली माती टाचणीनं काढायची, आणि दांडीला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब लावायचा. चाकांना प्लास्टिकला चालणारं पांढरं किंवा सिलिकॉनचं ग्रीस, मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. जास्त लावलं की तेच धूळ धरतं. खोबरेल तर अजिबात नको. ते 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. उन्हाळ्यात सुरळीत चालणारा प्लेयर थंडीत का अडतो, याचं उत्तर अनेकदा या खोबरेलात सापडतं.

याच्या उलट तक्रार: सुरुवातीलाच गाण्यांची यादी वाचली जात नाही, आणि एकदा का वाचली की पुढे सगळं ठीक चालतं. यादी चकतीच्या सर्वांत आतल्या भागात असते आणि तिथेच वेग सर्वांत जास्त लागतो. चकती फिरवणाऱ्या मोटरचे ब्रश झिजले की ती तेवढा वेग गाठत नाही. मोटर वेगळी मिळते, पण वरची टोपी नेमक्या उंचीवर बसवावी लागते, म्हणून काढण्याआधी टोपी आणि मोटरचं अंग यांतलं अंतर कॅलिपरनं मोजून लिहून ठेवा. सुरू करताच ‘कटकट-कटकट’ असा चाकं घसरल्याचा आवाज येत असेल तर आतल्या टोकाची पातळ पात्यांची स्विच मळली आहे. गाडा भिंतीला टेकला तरी मोटरला ते कळत नाही. पात्यांमध्ये अल्कोहोलनं भिजवलेला कागदाचा तुकडा ओढला की काम होतं.

ट्रे अडकणं हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात सोपा बिघाड. रबरी पट्टा उष्णतेनं ताठ, गुळगुळीत होतो आणि पुलीवर घसरतो. जुना पट्टा सरळ दाबून त्याची लांबी मोजायची, दुप्पट करायची, आणि घेरानं सुमारे पाच टक्के लहान, त्याच जाडीचा चौकोनी पट्टा आणायचा. पुली पुसायला विसरू नये. पाण्यात उकळून पट्टा तात्पुरता जिवंत होतो, पण काही आठवडेच.

अर्धा तास नीट आणि मग अडखळण, ही मात्र उष्णतेची खूण. बाहेर 45 अंश, खोलीत कूलर बंद, आणि प्लेयर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेला. लेझर डायोड तापला की तेवढाच प्रकाश द्यायला त्याला जास्त प्रवाह लागतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं तर गणितच ठरलेलं आहे, तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. माथा फुगलेला कॅपॅसिटर दिसला तर त्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, 105 अंशांचा घ्यावा. त्याची ऋण बाजूची पट्टी नीट पाहून बसवा. प्लेयरच्या वर चार बोटं मोकळी ठेवली आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगळ्या फळीवर नेला, तर यातलं बरंच टळतं. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर प्लेयरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तो प्लेयरचा दोष नव्हे. पावसाळ्यात एसी बंद करून खिडकी उघडली की थंड भिंगावर दव धरतं. तेव्हा चकती न घालता प्लेयर अर्धा-पाऊण तास नुसता चालू ठेवावा.

आवाजाबद्दल लोक फार भांडतात. सीडीतले आकडे 16 बिटांचे, सेकंदाला 44,100, आणि त्यांतून सर्वांत मोठ्या व सर्वांत हळू आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मिळतं. रात्रीच्या शांत खोलीतही पंख्याशिवाय 30 डेसिबलच्या आसपास गोंगाट असतोच, त्यामुळे स्वस्त प्लेयरमधली चांगली आकडे-ते-आवाज चिपही घरच्या बैठकीला पुरून उरते. ‘हा प्लेयर जास्त मोकळा वाजतो’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो नुसता जास्त मोठ्यानं वाजत असतो. प्लेयरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताची ठरलेली पातळी 2 व्होल्टची. एक प्लेयर 2 व्होल्ट देतो, दुसरा 1.5, तर अडीच डेसिबलचा फरक पडतो आणि कान मोठ्या आवाजाच्या बाजूनं कौल देतात. खरी तुलना करायची तर 400 हर्ट्झचा एकसुरी आवाज चकतीवर भरा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसीवर लावा, आणि दोन्ही प्लेयरची पातळी एक टक्क्याच्या आत जुळवून मगच ऐका. कुणाला कुठला प्लेयर चालू आहे हे सांगू नका.

तरी स्वस्त प्लेयरमध्ये ऐकू येणारे खरे दोष असतात, आणि आपल्या गाण्यात ते लगेच पकडले जातात. संगणकाच्या किंवा डीव्हीडीच्या यंत्रावर बांधलेले काही प्लेयर दोन ट्रॅकमध्ये अर्ध्या सेकंदाची पोकळी टाकतात. विलंबित ख्याल संपवून गायक श्वास न घेता द्रुतात शिरतो, सीडीवर तिथे ट्रॅकची खूण असते, आणि तबल्याची सम हवेतच राहते. ग्वाल्हेर गायकी ऐकणाऱ्याला हा दोष सहन होत नाही, व्हायलाही नको. दुसरा दोष घरघरीचा: आलापात तानपुऱ्याखेरीज काही नसताना यंत्राचा भिरभिराट ऐकू येतो. तिसरा कमी माहितीचा. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर तारसप्तकाकडचा भाग मुद्दाम चढवून भरलेला आहे आणि प्लेयरनं तो तेवढाच उतरवावा अशी खूण चकतीवरच असते. ती खूण न वाचणाऱ्या प्लेयरवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, टोचू लागते, ‘सा’चा गोडवा जातो. दोष चकतीचा समजून लोक ती बाजूला ठेवतात. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित (1893–1989) यांच्या पिढीच्या जुन्या मुद्रणांतली टेपची सळसळ मात्र मूळचीच आहे, कुठलाही प्लेयर ती घालवणार नाही.

कॅसेटवरून घरी भरलेल्या चकत्यांना ऊन मारतं. त्यांतला रंगाचा थर प्रकाशानं फिकटतो, म्हणून खिडकीतल्या कपाटाऐवजी बंद पेटी बरी. कागदी लेबल चिकटवू नये, चकती डगमगते. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसल्यानं पडलेला ओरखडा रेघेच्या दिशेनं जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्लेयर सहज सावरतो.

जुना प्लेयर विकत घेताना ही सावरण्याची ताकद तपासता येते. सीडीच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटवडा गणितानं पूर्ण भरून निघू शकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. नको असलेल्या एका चकतीच्या वाचायच्या बाजूवर पुसता येणाऱ्या काळ्या मार्करनं मधून कडेकडे तीन रेघा काढा: अर्धा, एक आणि दोन मिलिमीटर रुंद. अर्ध्यावर अडखळणारा प्लेयर घेऊ नका. एक मिलिमीटर निमूट पार करणारा निरोगी. सोबत सत्तर मिनिटांहून लांब चकती न्या आणि पहिल्यावरून थेट शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा. तीनेक सेकंदांत सूर लागला पाहिजे.

हे सगळं करूनही ‘नो डिस्क’ राहिलं, तेव्हा डायोडकडे वळा. अनेक युनिटांवरच्या चिठ्ठीवर मूळ प्रवाह छापलेला असतो, बहुधा 40 ते 60 मिलिअँपिअरच्या दरम्यान. प्रत्यक्ष प्रवाह त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर डायोड म्हातारा झाला. त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवून ‘ताकद वाढवणारे’ भेटतात. प्लेयर चार दिवस चालतो आणि डायोड कायमचा जातो. युनिट बदलायचं ठरलंच, तर नवीन युनिटच्या पट्टीवर स्थिरविद्युतीपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका दोन टोकं जोडून ठेवतो. रिबन केबल घट्ट बसवा, मग तो ठिपका सोल्डरिंगच्या इस्त्रीनं काढा, त्याआधी नाही. तो काढायचा राहिला म्हणून नवंकोरं युनिट ‘खराब’ ठरवून परत पाठवलं जातं.