वार्धक्य आणि आहार

वयानुसार स्नायू, हाडे, रक्तवाहिन्या व चेतासंस्था (मज्जासंस्था) यांची होणारी झीज आणि दीर्घकालीन आहार यांचा संबंध. ही झीज नेमकी कधीपासून ठरते, याविषयी मतभेद आहेत. पोषकद्रव्ये पुरेशी ठेवून उष्मांक कमी केल्यास उंदीर अधिक जगतात, हे अमेरिकी पोषणतज्ज्ञ मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवले. माकडांवरील दोन अमेरिकी प्रयोगांचे निष्कर्ष मात्र आयुर्मानाबाबत जुळले नाहीत.

रक्तवाहिन्या व चेता यांची झीज वाढवणाऱ्या मधुमेहाच्या प्रवणतेचे मूळ अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’त (टंचाईच्या काळासाठी ऊर्जा साठवून ठेवणाऱ्या आनुवंशिक गुणात) शोधले, तर ब्रिटिश संशोधक हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत केलेला मातृपोषण अभ्यास दुसऱ्या मताला अधिक बळ देतो. तेथील नवजातांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ., इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किग्रॅ. होते. तूट मुख्यतः स्नायू व पोटातील अवयवांत होती. त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. अशा शरीराचा धोका वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून पोटाचा घेर मोजावा (पुरुषांत ९० सेंमी., स्त्रियांत ८० सेंमी. ही मर्यादा). सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत ब१२ जीवनसत्त्व कमी होते. ब१२ कमी व फोलेट (ब गटातील आणखी एक जीवनसत्त्व; औषधातील रूप फोलिक आम्ल) जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-रोध (शरीराने इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे) सर्वाधिक आढळला. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

उतारवयात जठरातील आम्ल घटल्याने अन्नातले ब१२ सुटे होत नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधामुळेही त्याचे शोषण कमी होते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने लक्षणे उशिरा दिसतात. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा यांना वयोमान समजले जाते. नुसते फोलिक आम्ल दिल्यास ब१२ च्या कमतरतेने झालेला रक्तक्षय सुधारतो, पण चेतांची हानी चालूच राहते. म्हणून आधी ब१२ तपासावे.

प्रथिनांची भारतीय शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅ. आहे, वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅ. सुचवतात, म्हणजे ६० किलो वजनास ६०–७२ ग्रॅ. हिशेब कोरड्या डाळीवर करावा : ५० ग्रॅ. तुरीच्या डाळीत सुमारे ११ ग्रॅ. प्रथिने असतात, पातळ वरणाच्या वाटीत याहून बरीच कमी. दात गेल्यावर रात्रीचे जेवण ताक-भातावर येते आणि तूट तिथेच पडते. मऊ मूगखिचडीत डाळ तांदळाइतकी घालावी, जोडीला दही किंवा अंडे घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.